चार ओळींची माफी

आबा, मराठीत वडिलांना तुम्ही लिहायचं असतं, पण घरी आपल्या मावची बोलीत आम्ही तुला तूच म्हणायचो, म्हणून आजही तसंच लिहिते. गेल्या रविवारी मी चर्चच्या मंडळीत तुझा नियम मोडला. तू जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तू पंच असताना घातलेला तो नियम अजून तुझ्याच नावाने चालतो. लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरीने सगळ्यांसमोर उभं राहून लेखी माफी वाचायची आणि तोवर तिला प्रभुभोजन नाही. तो मी का मोडला, हे इतरांकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक.

मी दहावीत असतानाचा तो शनिवार तुला आठवतो का? आई चुलीवर मनुका उकळते आहे, उद्याच्या प्रभुभोजनाचा रस करायला. तू गाळायचं फडकं धरून बसला आहेस. ताई ऊसतोडीहून परतून महिना झालाय. ती दाराशी तूर निवडते आहे, आणि ओढणी पोटावरून पुन्हा पुन्हा सारखी करते आहे. तिची शाळा पाचवीत सुटली, म्हणून तू मला म्हणालास, "तुझं मराठी चांगलंय. तिच्यासाठी चार ओळी लिही. चूक झाली, मंडळीने क्षमा करावी, बस." मी लिहिलं. तुझ्या त्या साध्या वाक्यात 'मी कलंकिनी' हे शब्द मी माझ्या मनाने घातले. निबंधात असा शब्द आला की गुरुजी खूश व्हायचे, म्हणून. तू कागद वाचलास, "छापल्यासारखं अक्षर आहे," म्हणालास आणि खिशातला तुझा पेन काढून मला दिलास. मला इतका आनंद झाला की ताईकडे बघायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच शब्दावर अडखळली. दोनदा. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. तू खाली बघत होतास.

आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं, तो तिसऱ्या बाकावर ढोलक घेऊन बसला होता. ताईने तुला त्याचं नाव सांगितलं होतं. संध्याकाळी मी विचारलं तर तू म्हणालास, "तो कबूल करत नाही. जो कबूल करतो त्यालाच शिस्त. नाकारणाऱ्याचं देव बघेल." म्हणजे खरं बोलली ती उभी राहिली आणि खोटं बोलला तो गाण्याला ठेका देत राहिला. दोन वर्षांनी त्याच वेदीसमोर त्याचं लग्न लागलं आणि पुढच्या रविवारी भाकरीची ताटली तू स्वतः त्याच्यापुढे धरलीस. ताई त्या माफीनंतर एकदाही मंडळीत आली नाही. ती विसरवाडीला हायवेवरच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापते. तिची मुलगी सहावीत आहे, गणितात हुशार. ताईला माफ केल्याचं तू लोकांना सांगायचास. तिला तुझी माफी हवी होती का, हे मात्र तू कधी विचारलं नाहीस.

रविवारच्या शाळेत तूच आम्हाला शिकवलंस की कृपा फुकट मिळते, कमवावी लागत नाही. मी ते मनावर घेतलं, आबा. फुकट आहे तर पोरींनी तिच्यासाठी उभं का राहायचं? हा न्याय आहे म्हणशील, तर न्यायासाठी त्या दिवशी दोघं उभी राहायला हवी होती.

यंदा मला मंडळीच्या पंचांमध्ये घेतलं, कारण बैठकीत काय ठरलं ते लिहायला पदवीधर हवी होती. पहिल्याच बैठकीत एका पोरीचा विषय निघाला. एकोणीस वर्षांची आहे, पाचवा महिना. तुझ्या बरोबरीचे एक म्हातारे पंच मला म्हणाले, "पोरी, चार ओळी लिहून दे. ती वाचेल."

"आणि पोराच्या चार ओळी?"

"तो सुरतला आहे."

"सुरतला फोन लागतो की, काका."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "बी.ए. झाली, आता शास्त्रही नवीन लिहील!"

"जुनंच वाचते आहे. व्यभिचारात सापडली म्हणून लोक बाईला येशूपुढे धरून आणतात ती गोष्ट आहे ना, त्यात पुरुषाला कुठे ठेवून आले, तेवढं सांगा."

ते म्हातारे पंच उठून उभे राहिले. "तुझा बाप असता तर..."

"असता तर त्यालाही हेच विचारलं असतं."

मी लिहिलं नाही. दुसऱ्या कोणाला लिहिता येत नव्हतं असं नाही, पण त्या बैठकीनंतर कागद कोणी हातात घेईना. रविवारी ती पोरगी शेवटच्या बाकावर बसली होती. ताटली तिच्यापाशी आली आणि पुढे गेली. मी उठले, माझ्या हातातला भाकरीचा तुकडा मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. पाळक प्रार्थनेच्या मध्येच थांबले. पोरीने आधी शेजारच्या तिच्या आईकडे बघितलं, मग खाल्लं.

आता पुढच्या बैठकीत माझं नाव आहे. मी माफी लिहावी, असं त्यांचं म्हणणं आहे. मी लिहिणार नाही. मंडळीतून नाव कापलं तरी दर रविवारी जाऊन त्याच बाकावर बसेन. देवाच्या घरातून उठायला मला देवाने सांगितलेलं नाही.

हे पत्र तुझ्या कबरीवर जाऊन वाचणार नाही. शेजारी आणखी तीन पंच निजलेत, त्यांना उगाच ऐकू जायचं. कपाटात साड्यांखाली ठेवीन. फक्त एक गोष्ट बैठकीत कोणी विचारली नाही आणि विचारली असती तर मला उत्तर देता आलं नसतं. तुकडा तोंडात घालण्याआधी प्रत्येकाला मनातून क्षमा करायची असते. सगळ्यांना केली. तुझ्यापाशी थांबले. मग तशीच, तुला क्षमा न करता, उरलेला अर्धा तुकडा खाल्ला.