डाळिंबावरची पुरचुंडी

कारेगाव, मंगळवार, २ सप्टेंबर २००३

आज तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पिंकीचा ताप उतरेना म्हणून आधीच जीव टांगणीला. दिवस मावळायच्या जरा आधी परसातलं धुणं काढताना डाळिंबाच्या फांदीवर काळी पुरचुंडी दिसली, लाल दोऱ्यानं करकचून बांधलेली. ती फांदी कुंपणावरून शेजारच्या सुमनबाईंकडं झुकलेली. मनात दुसरं काही आलंच नाही. पुरचुंडी ओरबाडून काढली आन् कुंपणाशी उभी राहून ओरडले, "माझ्या लेकरावर करणी करता व्हय?"

दिवस मावळताना आप्पा, माझे सासरे, रानातून आले. पुरचुंडी उचलून म्हणाले, "अगं, गुटी हाय ही. फांदीची साल काढून ओलं शेवाळ मीच बांधलं हुतं. सुमनबाईस्नी रोप पायजे हुतं." शेवाळातून पांढऱ्या मुळ्या बाहेर आल्या होत्या, शेवयांसारख्या. निम्म्या तुटलेल्या. माझ्याच हातानं.

आणि विहारात बायकांपुढं अंधश्रद्धेवर बोलतं कोण? मीच ना?

सकाळी सुमनबाईंची माफी मागायची, ते तर करेनच. त्या पांढऱ्या मुळ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण खरी लाज वेगळीच आहे. आप्पा घरात शिरले तसा त्यांना ठसका लागला. म्हणाले, "मिरच्या जाळल्यास का गं?"

कुंपणापासून घरात आल्या आल्या मी पिंकीची दृष्ट काढली होती.

"फोडणी करपली," मी म्हणाले.