गिटार आणि माउथ ऑर्गन वेगळे करू नयेत

गेल्या रविवारी माझा भाचा सुनील मोजपट्टी घेऊन आला आणि माझ्या गिटारची लांबी-रुंदी मोजू लागला, म्हणून हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. सुप्याजवळच्या आपल्या हॉटेलात त्याला ती काचेच्या पेटीत लावायची आहे.

"आत्या, भिंतीला लई भारी दिसंल. खाली तुझा फोटो."

"मी अजून जिवंत आहे."

"म्हणून तर विचारतोय."

पेटीत माउथ ऑर्गनला जागा नाही. तो कोणालाही देऊन टाकू, असे त्याचे म्हणणे.

मी, इंदुमती रंगनाथ बोरुडे, वय ७४, अविवाहित, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार सावेडी, अहिल्यानगर, पुढील व्यवस्था स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. श्वास मात्र पुरत नाही.

१. राहते घर सुनीलला. अंगणातले सीताफळ तोडू नये.

२. बँकेतली ठेव माझ्या शाळेला, नव्या नकाशांसाठी. जगाचा नकाशा मी निवृत्त झाले तेव्हाच आफ्रिकेत फाटलेला होता.

३. शेजारीण मालनबाई यांना काही देता येत नाही, कारण त्या साक्षीदार आहेत. माझ्या गळ्यातला माउथ ऑर्गनचा तारेचा स्टँड पाहून त्यांनी "बाई, दात बसवायलेत का?" असे विचारले होते. ते विसरले आहे.

४. माझे दिवंगत बंधू आप्पासाहेब गॅदरिंगमध्ये चारचौघांत म्हणाले होते, "जॅझ म्हणे! एकटीच दोन-दोन वाजवती, सर्कस हाय का?" त्यांना माफ केले. मात्र वाजवताना त्यांचा फोटो मी भिंतीकडे फिरवते, तो तसाच राहू द्यावा.

५. आता मुख्य बाब. माउथ ऑर्गन माझा नाही. तो माझी कॉलेजची मैत्रीण खातून हिचा. बदली होऊन चाललेल्या एका लष्करी साहेबाच्या सामानाच्या विक्रीत आम्ही दोघींनी जॅझच्या सहा रेकॉर्ड घेतल्या आणि ऐकून ऐकून शिकलो. ती माउथ ऑर्गन, मी गिटार. १९७२ साली तिचे लग्न बेलापूरला ठरले.

"सासरी नाही वाजवू देणार. तू सांभाळ," ती म्हणाली.

"आणि तुझा भाग कोण वाजवणार?"

"तूच. गिटार वाजवताना तोंड रिकामंच असतं तुझं."

त्याच संध्याकाळी मी तो तोंडाला लावला. आईने पाहिले. दुसरीचे उष्टे, तेही खातूनचे. तिने माउथ ऑर्गन चिंच-राखेने घासला आणि तांब्याभांड्यासारखा उकळत्या पाण्यात टाकला. त्याच्या चौथ्या छिद्रातून श्वास आत ओढला की येणारा सूर तेव्हापासून मुका आहे. हे मी खातूनला चोपन्न वर्षांत सांगितले नाही. या कलमाने सांगते.

त्या जागी मी तो सूर गिटारच्या तारेवर घेत आले. लोक म्हणत, बाई तिथे किती छान थांबतात. मी थांबत नव्हते. म्हणून ही दोन वाद्ये एकाच माणसाकडे राहावीत.

ते माणूस म्हणजे खातूनची नात अरफा. ती सुप्याच्या कारखान्यात काम करते आणि चार वर्षे दर रविवारी येते. "मॅडम, हा बिघडलाय" असे ती कधी म्हणाली नाही. तिसऱ्या रविवारी तिने तो सूर आपणहून तारेवर घेतला. मी चहा ठेवण्याच्या निमित्ताने आत गेले.

माउथ ऑर्गन दुरुस्त करायचा की नाही, ते तिने ठरवावे. सुनीलने पेटीत दुसरे काहीही ठेवावे.

साक्षीदार:
१. मालनबाई गुंजाळ (सही)
२. सहादेव शेटे, निवृत्त मुख्याध्यापक (सही)

इंदुमती रंगनाथ बोरुडे (सही)
अहिल्यानगर, १८ जानेवारी २०२६

हस्तांतराची नोंद: माझ्या मरणाची वाट न पाहता आजच अरफाच्या हाती दिले: गिटार एक, माउथ ऑर्गन एक, तारेचा स्टँड एक, रेकॉर्ड सहा, पैकी एक तडकलेली. वस्तू पोचल्याची सही तिने केली. गिटारचा पट्टा तिला लांब होत होता. तिच्या मापाचे नवे भोक मी पाडून दिले.