वार न सापडलेली गोळी

१२ जुलै, शनिवार
बुलढाण्याला जाऊन आले. हर्षलने गाडी काढली, म्हटलं एसटीने जाऊ, अर्ध तिकीट लागतं. ऐकलं नाही.
डॉक्टरीणबाईंचं नाव अर्पिता. आमच्या सुनेपेक्षा, संजीवनीपेक्षाही लहान दिसतात. मशीनखाली आडवं झोपवलं, वरून काहीतरी सरकत गेलं, आणि म्हणाल्या हाडं फार ठिसूळ झालीत. रिपोर्टात मायनस तीन. मला मॅट्रिकला गणितात चांगले मार्क होते. मायनस म्हणजे बाकी. बाकी भरून निघते, त्यासाठी डॉक्टर लागत नाही.
बाईंनी विचारलं, अलीकडे उंची कमी झाल्यासारखी वाटते का? मी म्हटलं, मी काय साबणाची वडी आहे? हर्षल हसला. बाई हसल्या नाहीत.
आठवड्याला एक गोळी. सकाळी उठल्याबरोबर, उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहा नाही.
मागल्या वर्षी मनगट मोडलं ते न्हाणीतल्या शेवाळामुळे. हाडाचा काही दोष नव्हता.
गोळी घ्यायची की नाही हे मी शांतपणे ठरवणार आहे.

१३ जुलै, रविवार
हर्षलने ठरवूनही टाकलं. म्हणे, माय, गोळ्या घेतल्या नाहीस तर नवरात्रात लोणारले खाली उतरू देणार नाही. एकदा पडलीस तर खुबा जाईन, मंग खाटीवरच.
पोटचा पोरगा मला कमळजामातेला जाऊ देणार नाही! लग्न झाल्यापासून एक नवरात्र चुकलं नाही. आमच्या घरची वात असते. घरच्या सुनेच्या टाळूपासून टाचेपर्यंत सूत मापायचं, त्या मापाची नऊपदरी वात वळायची, आणि तिने स्वतः खाली विवरात, सरोवराकाठी उतरून देवीपुढे लावायची. सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षी भिंतीशी उभं करून मापलं होतं. तो मापाचा दोरा देवघरात गुंडाळून ठेवलाय. दरवर्षी त्याच्यावरूनच वात करते, पुन्हा मापायची गरज पडत नाही.
लिहिता लिहिता सुचलं. उंची कमी झाली म्हणे! दोरा आहे की साक्षीला. घटस्थापनेआधी तो उलगडायचा नसतो, नाहीतर आजच सोक्षमोक्ष लावला असता. नवरात्रात दोरा अंगाला लावून फोटो काढायचा आणि अर्पिता मॅडमला पाठवायचा. खाली फक्त नमस्काराचं चित्र.

२० जुलै, रविवार
शेजारची इमामबी तीच गोळी घेते हे आज कळलं. दोन वर्षांपासून! मला म्हणाली, अवं कोकिळाबाई, त्यात काय एवढं? फजरची नमाज झाली का खाली पेट गोळी घ्यायची, अन् अर्धा तास तसबी फिरवत बसायचं. दवा बी होते, अल्लाचं नाव बी होते.
तिचं सोपं आहे. तिचा एकच अल्ला. माझ्याकडे सातही वार वाटून दिलेले.
शिवाय आषाढ चालू आहे. आषाढात कोणी नवीन काही सुरू करतं का?
कांडवेल आणली आहे, परसातून, फुकट. हाडं जोडते. उद्यापासून चटणी.

२१ जुलै, सोमवार
चटणी खाल्ली. घशाला इतकी खाज सुटली की अर्धा गूळ संपला. म्हणजे औषध लागू पडतंय.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. गोळीसाठी वार शोधायला बसले. सोमवारी शिवामूठ. मंगळवार देवीचा. बुधवार-गुरुवार बुध-बृहस्पती. शुक्रवारी जिवतीची पूजा. शनिवारी मारुती. रविवारी आदित्यराणूबाई. पहाटे उठून वाकल्याशिवाय यातला एकही वार होत नाही, आणि गोळी म्हणते वाकू नको. औषध असं करतात का? बनवणाऱ्याला श्रावण ठाऊक नसावा.
आमच्या यांना सांगितलं. हे म्हणाले, वाक आधी, गोळी मंग घे. रंगराव म्हणजे काही विचार न करता बोलणारा माणूस.

३ ऑगस्ट, रविवार
रक्षाबंधनाची नवी साडी आधीच नेसून पाहिली. खाली लोळते. त्याच भावात पन्हा वाढवलाय कंपनीने. आणखी दोन घेऊन ठेवाव्या.
कांडवेल बंद. तिळाचे लाडू सुरू. तिळात कॅल्शियम असतं. लाडू चार केले होते, दोन यांनी खाल्ले. यांच्या हाडांना काही झालेलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
जुनी साडी नेसली, तीही लोळली. धुवून धुवून सैल पडते सुती.
स्वयंपाकघरातली फळी कोणीतरी वर सरकवली आहे. साखरेच्या डब्याला हात पोचत नाही. संजीवनीवर संशय. शाळेत शिकवते, उंच फळ्यावर लिहायची सवय, तिला सगळं उंचावर लागतं. विचारलं तर म्हणाली, आई, फळीले तर मी हात बी नाही लावला. म्हटलं, ठीक आहे. पुरावा नाही, म्हणून सोडली.

११ ऑगस्ट, सोमवार
हर्षल दर रविवारी विचारतो, या आठवड्याची झाली का? मी सांगते, झाली. पाकिटातून काढून झालेली असते. फेकायची नाही, महागाची आहे, म्हणून सुपारीच्या डबीत ठेवते. देवापुढे खोटं बोलले नाही, पोरापुढे थोडं इकडेतिकडे चालतं.
दुपारी यांचा हात सुपारीच्या डबीकडे गेला. वेळेत ओढून घेतली. म्हटलं, दात पहा तुमचे आणि सुपारी पहा. नवीन नियम: सुपारी मी देईन.

२४ ऑगस्ट, रविवार
श्रावण संपला. कारण संपलं असं कोणाला वाटेल. पण तीन दिवसांवर गणपती, मग महालक्ष्म्या. सणाच्या धावपळीत अर्धा तास ताठ कोण बसणार? संजीवनी शाळेत, हे पारावर. घर काय इमामबी चालवणार?
ऊन घेते आहे सकाळचं. उन्हाने हाडं पक्की होतात असं इमामबीच्या मोबाईलवर आलं होतं. ऊन फुकट. हे औषध मला पटलं.

३० ऑगस्ट, शनिवार
उद्या महालक्ष्म्या येणार. माळ्यावरून पितळी गंगाळ काढलं. स्टुलावर चढून, एकटीने, कोणाची मदत न घेता. कमरेच्या वर कट् असा आवाज झाला. गंगाळाचा असावा.

३१ ऑगस्ट, रविवार. महालक्ष्म्या आल्या.
उसण भरली आहे. शिंक आली तर डोळ्यांपुढे काजवे. पण उसण ही उसण असते, त्यात हाडाचा संबंध नाही. उपाय घरातच आहे. संजीवनी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसाने उसणीवर पाय लावला की उसण पळते. सगळी गल्ली तिच्याकडे येते. इमामबीची उसण तिनेच काढली. माझ्या सुनेचा पाय आमच्या साऱ्या सुलतानपूर गावाच्या कमरेला लागला, फक्त माझ्या नाही. सासू ना मी. आजवर मागितला नव्हता.
आज मागितला.
दार लावलं. चटईवर पालथी झोपले. संजीवनी उभी. पाय काही लागेना. म्हटलं, लाव ना. तर म्हणते कशी, लावते आई, पण आधी कमळजेची शपथ घ्या, गोळ्या बरोबर घेतल्या म्हणून. ठिसूळ हाडावर पाय द्यायले मी येडी आहे का?
म्हटलं, दार नीट लागलं का ते पहा.
ती पुन्हा म्हणाली, घ्या ना शपथ.
म्हटलं, जाऊ दे, आता बरं वाटतंय. तसं सांगून उठायला गेले, तर उठताच येईना. संजीवनीने यांना हाक मारली. दोघांनी मिळून उठवलं. जाताना संजीवनीने सुपारीची डबी उघडून पाहिली. तिला कोणी सांगितलं? मी नाही.

१ सप्टेंबर, सोमवार
महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या संजीवनीने केल्या. मी पाटावर बसून सूचना केल्या. मीठ बरोबर होतं. सांगितलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार
पुन्हा बुलढाणा. मशीनवर पाठीचा फोटो काढला. एक मणका दबलाय म्हणे. अर्पिता मॅडमनी विचारलं, मालिश वगैरे काही केलं नाही ना? यांनी लगेच पायाळूचं सगळं सांगितलं. यांना कोणी विचारलं होतं? मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, त्या मुलीने पाय दिला असता तर आज तुम्ही चालत आला नसता.
संजीवनी भिंतीकडे पाहत होती. सुपारीच्या डबीचं तिने हर्षलला सांगितलेलं नाही, अजूनही. ही मुलगी फार आतल्या गाठीची आहे. उपकार करून ठेवते आणि बोलत नाही. अशा माणसाशी भांडावं तरी कसं?
कमरेला पट्टा बांधलाय. लोणारला खाली उतरणं बंद असं मॅडम म्हणाल्या. नवरात्राला अजून वेळ आहे. दबलेला मणका तोवर उठेल.

८ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. हे म्हणाले, तुह्या आईले जेवायले बोलावशील ना, तिलेच विचार गोळी घेऊ का म्हणून. तिचं तर शेवटी टोपलं झालं होतं.
यांना माझ्या माहेरच्यांबद्दल बोलायची कधीच रीत नव्हती.
आई शेवटी वाकलेली होती, हे खरं. आम्ही म्हणायचो, वयामुळे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
घट बसले. आरतीनंतर दोरा काढला. सगळ्यांना बोलावलं. इमामबी साक्षीला, हे फोटोला. हर्षलला दुकानातून मुद्दाम बोलावलं. भिंतीशी उभी राहिले, टाचा टेकवून, सासूबाईंनी उभी केली होती तशी. पट्टा काढला, पट्ट्याने फरक पडतो. संजीवनीने दोऱ्याचं टोक टाळूवर धरलं.
दोरा खाली आला आणि फरशीवर लोळला.
म्हटलं, ताणून धर. ताणून धरला. तरी लोळला. म्हटलं, पावसाळ्याचा ओलावा आहे, दोरा वाढलाय. हे म्हणाले, सूत ओलं झालं तं आखडते, वाढत नाही. म्हटलं, मग फरशी खचली. इमामबीने तोंडाला पदर लावला.
पुन्हा मापलं. हर्षलने मापलं. चार बोटं उरली. त्याची बोटं, माझ्याहून जाड.
आता कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्त राग आला.
मोबाईलातला फोटो यांना पुसायला सांगितला.

संध्याकाळी
विचार करत होते. दोरा लग्नाच्या वर्षीचा. मी तर चार बोटं खाली आले. म्हणजे दरवर्षी देवीला मी माझ्याहून लांब वात लावत होते. एवढं सूत, एवढं तूप जास्त. देवीने घेतलं, कधी म्हणाली नाही, कोकिळे, ही तुझी नाही.
साड्यांचा पन्हा तेवढाच असावा.

२४ सप्टेंबर, बुधवार
ठरलं. यंदा संजीवनी उतरणार. म्हणजे माप तिचं. भिंतीशी उभी केली. नव्या दोऱ्याचं टोक तिच्या टाळूवर ठेवायचं सासूने. माझा हात पोचला नाही. ती वाकायला लागली, म्हटलं, वाकू नको, माप चुकतं. मग टोक तिने स्वतःच धरलं आणि मी खाली बसून टाचेपाशी दोरा तोडला. बसायला वेळ लागला. उठायला जास्त.
म्हटलं, हा दोरा जपून ठेव, पण दरवर्षी पुन्हा मापत जा. सासूबाईंनी मला हे सांगितलं नव्हतं.
ती हो म्हणाली. मग म्हणाली, आई, मापायले तुम्ही पाह्यजे बरं का दरवर्षी. खाटीवरून नाही. उभ्या राहून.
तिला आमच्या पोराने शिकवलेलं दिसतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
लोणार. मी आणि हे वर काठावर, धारेच्या कुंडाजवळ बसलो. संजीवनी आणि हर्षल वात घेऊन उतरले. झाडीत शिरेपर्यंत तिची हिरवी साडी दिसत होती, मग नाही. मी वरूनच हात जोडले. बाजूला एक बाई विचारत होती, तुम्ही खाली नाही गेल्या? म्हटलं, यांचे गुडघे दुखतात, म्हणून थांबले. यांनी लगेच गुडघा चोळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नको ते बोलले नाहीत.

२८ सप्टेंबर, रविवार
पहाटे उठले. आधी जमिनीला, मग घटाला, मग तुळशीला वाकून घेतलं, जेवढं पट्ट्यातून वाकवतं तेवढं. मग सुपारीच्या डबीतली गोळी, पेलाभर पाणी. गोळीला सुपारीचा वास. नवीन पाकीट आहे, पण आधी जुनं संपवायचं.
हे म्हणाले, आज तर रविवार, सूर्यनारायणाचा वार ना? म्हटलं, हाडांचं खातं त्याच्याकडेच आहे.
इमामबी तसबी घेऊन आली. तिच्याही गोळीचा वार रविवारच. ती एका खुर्चीवर, मी एका खुर्चीवर, माझ्या हातात जपमाळ. अर्धा तास दोघी खांबासारख्या. मध्येच म्हणाली, कोकिळाबाई, तुम्ही माझ्याएवढ्याच दिसून राह्यल्या आता. म्हटलं, तू वाढली असशील.
अर्धा तास झाला. अंगात ताकद आल्यासारखी वाटली. उठून साखरेच्या डब्याला हात पोचतो का पाहिलं.
हर्षलला सांगितलं, फळी चार बोटं खाली घे. खिळे ढिले झालेत, म्हणून.