सहमचं पाणी

पप्पा,

आज चहा करताना दूध फाटलं आणि तुम्ही आठवलात. सुट्टीला सहमच्या शेतांवरून यायचात, शहरात वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटचा जिना चढताना धापा टाकायचात, पण खांद्यावरच्या, तिथल्या विहिरीच्या पाण्याच्या कॅनला मला हात लावू देत नसायचात. नळाला येणारं पाणी समुद्राचं, मीठ काढलेलं, त्याच्या चहाला चव नाही, असं आई एकदा बोलून गेली आणि तुम्ही ते मनावर घेतलंत. अर्बाबच्या, म्हणजे तुमच्या अरब मालकाच्या, शेतांवर पंप बसवणारा माणूस तुम्ही. इथे वाळवंटात बर्फाचे डोंगर नाहीत, बारमाही नदी नाही. वादीला, एरवी कोरड्या असलेल्या नदीपात्राला, पूर आला की जमिनीत मुरेल तेवढंच विहिरीत, हे तुम्हीच मला शिकवलंत.

मग ते पाणी मचूळ होत गेलं. आईने एकदा कॅन गुपचूप बाथरूमच्या बादलीत ओतला आणि चहाला बाटलीचं पाणी घेतलं. "इतक्या लांबून आणतात गं, कसं सांगायचं?" मला ते प्रेमच वाटलं. पुढे दर सुट्टीला तेच.

आणि तो शुक्रवार. तुम्ही विचारता, "खरं सांगा, पाणी खारट लागतंय? मला विहिरीवर लागतं. अर्बाबला पंप आणखी खाली सोडायचाय. समुद्र आत शिरत असेल तर उपसा कमी कर म्हणून सांगतो त्याला." आई म्हणते, "छे हो, काहीतरीच." मी म्हणते, "पप्पा, एकदम स्वीट आहे. प्रॉमिस." तुम्ही बाटलीच्या पाण्याच्या त्या चहाचा घोट घेता आणि समाधानाने मान डोलावता.

पंप खाली गेला. हळूहळू अर्बाबची लिंबाची सगळी बाग खाऱ्या पाण्याने करपली. अर्बाब ओरडला नाही, नुसतं "खलास" म्हणाला आणि पाठ फिरवली. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "माझी जीभच मेली." तुमची जीभ शाबूत होती, पप्पा, खोटं आम्ही बोललो होतो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तुमचा उतरलेला चेहरा बघून आम्ही दोघी आणखीच गप्प झालो. त्यानंतर आमटीत मीठ बरोबर आहे का, हेसुद्धा तुम्ही आईलाच विचारायचात. तसेच गेलात.

हे पाठवायला पत्ता नाही आणि आईला वाचून दाखवायची हिंमत नाही. परवा पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "ह्यांच्या जिभेला चवच नव्हती हो!" सगळे हसले. मीही हसले, पप्पा.