रबराचे दोन वेढे

मी, श्यामकांत दत्तोपंत दाणी, वय ७६, लष्कराच्या पॅराशूट विभागातून निवृत्त, राहणार तात्यापारा, रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणायला घरात उरले आहे कोण?

१. तात्यापाऱ्यातील घर मुलगी कौमुदी हिला द्यावे. मी आजारी पडलो की पंडरी मोहल्ल्यातून डबा घेऊन तीच धावत येते. मुलगा पियुष तीन वर्षांत या घराची पायरी चढलेला नाही. त्याने वाटा मागू नये.

२. बँकेतील ठेव दोघांत सारखी वाटावी. त्यांच्या आईने, कै. वनमालाने, जाताना तसे वचन घेतले होते. माझ्यावर असते तर पियुषला दमडी मिळाली नसती.

३. कारण लिहून ठेवतो. पियुष पाठीला मोटर बांधून पॅराशूटच्या छत्रीने हवेत उडतो, शहराबाहेर तसा क्लबही चालवतो. मुख्य छत्रीने दगा दिला तर हाताने फेकायची रिझर्व्ह छत्री मी बांधून देत असे. लष्करात बत्तीस वर्षे हेच केले. तेव्हा छत्री उंच मनोऱ्यात टांगून वाळवायची, लांब मेजावर ताणायची, दोऱ्यांची प्रत्येक घडी रबरात अडकवून त्याला दोन वेढे द्यायचे. माझ्या हातची एकही मिटलेली राहिली नाही. आता सतरंजीवर बसून घड्या घालतात आणि दर दोन वर्षांनी नवी पद्धत येते.

माझ्याच हाताखाली शिकलेला लोकेश, आता चाळिशीचा, त्याने साऱ्या क्लबसमोर मी पियुषसाठी बांधलेले रिझर्व्ह छत्रीचे गाठोडे फेकून पाहिले; छत्री उघडलीच नाही. दोऱ्या सुटल्या नाहीत. "काका, आता एकच वेढा देऊन राहिले सगळे," म्हणाला.

"तुले बांधायला कोणी शिकवलं रे पोट्ट्या?" मी विचारले.

पियुष मान वर न करता बोलला, "पापा, लोकेश सही बोल रहा है. अब आप मत बाँधिए."

मी तसाच निघून आलो. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

४. घड्या दाबायच्या माझ्या शिशाच्या पिशव्या व दोऱ्या ओढायचे आकडे लोकेशला द्यावेत. आता लागत नाहीत, असे तो म्हणेल. तरी द्यावेत.

५. हे कलम पियुष, कौमुदी व लोकेश यांच्यासमोर मोठ्याने वाचावे. भांडणानंतर महिन्याभराने मी एक जुनी छत्री दोन वेढ्यांनी बांधून गच्चीवरून दहादा फेकली. चारदा दोऱ्या सुटल्या नाहीत. आमचे जवान विमानातून उडी घेत, पडण्याच्या वेगाने दोन्ही वेढे ओढून निघत. हाताने फेकलेल्या गाठोड्याला तो जोर नसतो. हे मला आधीच कळायला हवे होते. कळल्यावर तरी फोन करायला हवा होता. माझ्याने तो झाला नाही.

लोकेशने चारचौघांत माझी लाज काढली, याची मला आजही चीड आहे. पण त्याने ती काढली नसती, तर हे मृत्युपत्र मला एकट्या कौमुदीच्या नावे लिहावे लागले असते.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: श्यामकांत दत्तोपंत दाणी
साक्षीदार: १. बाबाराव घाटे, शेजारी २. निरंजन बक्षी, वकील
रायपूर, १४ नोव्हेंबर २०२४