निळ्या फुलांचा कप

बाभुळगाव, १२ फेब्रुवारी २००६

चि. रुपालीस,
आबांचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. विनोदी कौटुंबिक सिनेमात मोलकरणीचं काम मिळालं, वऱ्हाडी येते म्हणून निवडलं, हे वाचून छाती फुगली. पुढे वाचलं आणि तसाच हे लिहायला बसलो. तुझ्या आजीच्या कपाची गोष्ट तू सिनेमावाल्यांना सांगितलीस, आणि आता मोलकरीण ओच्यात कप घेऊन फिरणार! मालकीण विचारणार, घरचा कप काहून आणते, आणि तू म्हणणार, तुमच्या कपातल्या चहाले चव नाही. त्यावर हशा.

पोरी, ही गोष्ट मीच तुला सांगायचो. तुझी आजी रुखमाबाई मोठी नखऱ्याची, दुसऱ्याच्या कपाला तोंड लावत नाही, म्हणून कापूस वेचणीला जातानाही आपला कप नेते. तू हसून लोळायचीस. ते खोटं होतं. ज्यांचा कापूस ती वेचायची, त्या सदाशिवरावांच्या घरी तिच्यासाठी कान तुटलेला कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. त्यांच्या बायको इंदूबाई कपाला हात न लावता वरून चहा ओतायच्या. एक दिवस रुखमा बाजारातून निळ्या फुलांचा कप घेऊन आली आणि त्यातच चहा घ्यायला लागली. चौथीला शिकवताना कवितेतलं अवघड कडवं गाळून मी उरलेल्याला चाल लावायचो ना, तसंच हिचंही केलं बघ.

फोन केला असता, पण गावातला फोन सदाशिवरावांच्या नातवाच्या, अक्षयच्या दुकानात. तिथे हे कसं बोलू? शूटिंग पंचवीसला म्हणतेस. पत्र वेळेवर पोचेल की नाही, याच धास्तीत आहे. तिच्या माघारी तिची थट्टा होऊ देऊ नको.

म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ नये.
तुझे आबा,
डोमाजी


मुंबई, २ मार्च २००६

ती. आबांस,
रुपालीचा सविनय जयभीम.

पत्र चोवीसला मिळालं. आधी मले तुमचाच राग आला. मग भीती वाटली. या सिनेमात अख्खं घर एकाच तऱ्हेच्या लोकांचं. आपल्यातली मी एकटी. माझी वाक्यं अकरा, त्यातली नऊ झाडू हातात धरून. आधी सांगितलं तर काम जाईल, म्हणून कोणाला काही सांगितलंच नाही. कॅमेरा सुरू झाला, मालकिणीने विचारलं, आणि मी चवीचं बोललेच नाही. म्हटलं, तुमच्या घरी माहा कप गोठ्यात राह्यते, म्हून.

मालकीण झालेल्या बाईंना पुढचं वाक्यच आठवेना. दिग्दर्शक भडकले, विनोदाची वाट लावली म्हणाले. मग तेच दोनदा पाहिलं आणि ठेवलं. पण पुढच्या सिनेमाचं बोलणं झालं होतं, ते आता कोणी काढत नाही. आबा, मी चुकले तर नाही ना? ते कडवं तुम्ही मले आधीच शिकवायला पाहिजे होतं.

रागावले असले तरी तुमचीच आहे, विसरू नये.
रुपाली


बाभुळगाव, १९ नोव्हेंबर २००६

चि. रुपालीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

पुन्हा सांगतो, चुकली नाहीस. उद्या यवतमाळला तुझा सिनेमा पाहायला जातो आहोत. कापसाच्या पडलेल्या भावाने गाव असं सुतकी झालं आहे, की सदाशिवराव म्हणाले, चला, घटकाभर हसून येऊ, आणि त्यांनी गाडी सांगितली. आपल्या गावची पोरगी सिनेमात, म्हणून गाडीत पुढची जागा मला. सिनेमात त्या कपाचं काय येतं, ते त्यांना काहीच ठाऊक नाही.

आज इंदूबाई स्वतः आपल्या दारी आल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, मास्तर, मले आता आयकू कमी येते, तुमच्याच बाजूले बसीन, रुपाली काय बोलते ते सांगत जाजा. मी हो म्हणून बसलो.

 आधी भीती होती लोक हसतील याची. आता वाटतं, तिथे अख्खं थेटर गप्प होईल, आणि इंदूबाई माझ्याकडे वळून विचारतील, काय म्हणाली पोरगी? त्यांना मोठ्यानंच सांगावं लागतं.

चाल लावणार नाही, एवढं ठरवलं आहे. रुखमाचा कप धुऊन पिशवीत ठेवला आहे, सोबतीला.

आठवण राहू दे.
तुझे आबा