अकरा सेकंदांचं कुलूप

वकीलदादांस,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला गेला असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळींत लिहावं लागतं. येत्या रविवारी तुम्ही साडूंना जेवायला बोलावल्याचं कळलं. (रविवारी आम्हालाही काही काम नसतं.)

मुद्दा साडूंचाच आहे. तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल तुम्हालाच वाईट लिहू नये, म्हणून थोडक्यात लिहितो. त्यांनी माझ्या दुकानातून कुलूप नेलं, केसांच्या आकड्याने अकरा सेकंदांत उघडलं, त्याचा व्हिडिओ केला आणि शेवटी स्वतःच्या कारखान्यातलं लोखंडी कपाट दाखवलं. कुलूप आधीच आतून ढिलं केलेलं असणार. (आकडा हिचा होता. कसा गेला, विचारलेलं नाही.) व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला. आठवड्यात सतरा कुलपं परत आली. साडूंना आता रस्त्यात अनोळखी माणसं हात करतात. काल माझ्याच गिऱ्हाइकाने मला विचारलं, "तुम्ही त्यांचे साडू ना?" वीस वर्षं दुकान चालवून ही ओळख. हिने त्या व्हिडिओखाली लाल बदाम टाकला. म्हणते, "अहो, चुकून बोट लागलं." माझ्या व्हिडिओला ते कधी चुकूनही लागलं नाही. (कुलपाला तेल कसं घालावं, नऊ मिनिटं. चौदा वेळा पाहिला गेला. त्यांतल्या बारा वेळा मी.)

हे व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीकडे मी तक्रार केली. उत्तर आलं, मजकूर आमचा नाही, आम्ही तो फक्त पोचवतो. दादा, मीही कुलपं विकतो. घर फुटलं तर चोराची जबाबदारी मी घेत नाही. पण मी चोराला हाताला धरून गल्लोगल्ली फिरवत नाही, आणि वाटेत थांबून जाहिराती दाखवत नाही. खोटं साडूंनी केलं असेल. तीन लाख घरांत ते कंपनीने नेलं. तेव्हा नोटीस कंपनीलाच द्या. साडूंना नको, नात्यात कडवटपणा येतो. तो व्हिडिओ काढून टाका, नाहीतर माझाही तेवढ्याच लोकांना दाखवा, असं लिहा. खरं तर दुसरी मागणी आधी लिहा.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
थोरला मेहुणा

ता. क. कोर्टात विचारतील म्हणून सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी तो व्हिडिओ एकोणीस जणांनीच पाहिला होता. मग "बघा यांचे उद्योग, सगळ्यांना कळवा" असं लिहून मी तो साऱ्या नातेवाइकांना पाठवला. तुम्हालाही. हे नोटिशीत येऊ नये.

आणखी एक. कंपनीचं उत्तर आणि बाकी कागद लोखंडी पेटीत घालून कुरिअरने पाठवले आहेत. पेटीला आपलंच कुलूप लावलं. किल्ली आत राहिली. रविवारी साडू येतीलच, त्यांच्याकडून उघडून घ्या. व्हिडिओ मात्र काढू देऊ नका. अकरा सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर तुम्हीच काढा.